जानकीबाईंचं बिनगाइडचं जपानी

जानकीबाई फणसे फोन उचलला की लगेच बोलत नाहीत. एक श्वास थांबतात. बोलणं संपल्यावर समोरच्याने फोन ठेवेपर्यंत स्वतः ठेवत नाहीत. पेन कानावर खोचतात आणि मग घरभर शोधतात. पोह्यांवर शेव एकदम घालत नाहीत. घासागणिक घालतात, म्हणजे कुरकुरीत राहते. भाजीवाल्याला ‘भिया’ म्हणतात, भाजीवाल्याच्या बापालाही ‘भिया’च म्हणतात. घराबाहेर पडताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. कोणी शब्द चुकीचा वापरला तर टोकत नाहीत. पुढच्या वाक्यात तोच शब्द स्वतः बरोबर वापरतात आणि पुढे जातात.

ही शेवटची सवय वैभवीइतकी कोणाच्याच वाट्याला आली नसेल. देवासला टेकडीच्या पायथ्याशी, एका अरुंद गल्लीत दोघींची घरं समोरासमोर. वैभवीने हिंदी साहित्यात एम.ए. केलं. घरात ती मराठी बोलते, पण छापील मराठी वाचायचं म्हटलं की ओळीखाली बोट धरते. जानकीबाईंकडे ती आधी खाऊसाठी जायची, मग पुस्तकांसाठी. आता उगीचच जाते.

जानकीबाई मूळच्या धारच्या. माहेरचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर दख्खनेतून आले आणि माळव्यातच राहिले. मराठी त्यांनी जशी आणली तशी जपली. म्हणून जानकीबाईंच्या बोलण्यात असे काही शब्द येतात, जे वैभवीला शब्दकोशातही सापडत नाहीत. लग्न होऊन त्या देवासला आल्या आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या. ट्रंक कॉल जोडायचं काम. तिकडे उज्जैनचा व्यापारी, इकडे मुंबईचा अडत्या, मधे जानकीबाई. लाइन खराब असली की एकाचं बोलणं दुसऱ्याला स्वतः सांगायच्या. त्यातून त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. मधला माणूस कितीही इमानदार असो, रागातला थोडा राग आणि मायेतली थोडी माया त्याच्याकडेच राहून जाते.

पुढे नोकरी संपली, यजमान गेले. मुलगा अर्पित इंजिनियर होऊन जपानला, नागोयाला गेला. तिथे त्याला नाओ भेटली. दोघांचं ठरलं. जानकीबाईंनी एवढंच विचारलं, “भात खाते नं?” खाते म्हटल्यावर विषय मिटला.

लग्न धारला करायचं ठरलं. जानकीबाईंचे थोरले बंधू उदाजीराव धारलाच असतात. लग्नकार्याचा त्यांना भारी सोस. फक्त एक गोष्ट राहिली होती. दोन्ही विहिणींनी एकमेकींना बघितलं नव्हतं.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी ते झालं. व्हिडिओ कॉल. पडद्यावर अर्पित, नाओ आणि मधे नाओची आई हारुए. बाई बारीक, ताठ बसलेली, केस मागे बांधलेले. जानकीबाई बोलल्या की अर्पित जपानीत सांगे. हारुए बोलल्या की मराठीत सांगे. वैभवी बाजूला बसून बघत होती. थोड्याच वेळात तिच्या लक्षात आलं की काकू भरभरून बोलतात आणि अर्पितदादा दोन शब्दांत उरकतो.

“सगळं सांगितलंस का रे?” जानकीबाईंनी विचारलं.

“हो आई. सार सांगितलं.”

“मी सार नाही केलं, पुरणपोळी केली होती. बरं, असू दे.”

हारुएंच्या मागे भिंतीत एक छोटं लाकडी कपाट होतं, आपल्या देवघरासारखं. त्यात एक फोटो. टोपी घातलेला, गणवेशातला, रुंद खांद्यांचा माणूस. नाओचे वडील. आयुष्यभर बस चालवली आणि तीन वर्षांपूर्वी गेले. जानकीबाई पुढे वाकल्या. चष्मा सारखा केला.

“अगंबाई! हे का यजमान? काय बाका माणूस हो!”

पडद्यावर कोणी हललं नाही. ऐकू गेलं नसेल असं जानकीबाईंना वाटलं. त्यांनी फोटोकडे बोट दाखवलं आणि मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून पुन्हा म्हटलं, “बा-का! बाका!”

हारुएंचा चेहरा आधी कोरा झाला. मग बंद झाला. नाओने खाली बघितलं. अर्पित लालबुंद.

“आई, काय बोलतेस?”

“अरे, बाका म्हटलं. सांग की त्यांना.”

“बाका म्हणजे इथे मूर्ख. बेअक्कल.”

“इथे असेल! आपल्यात बाका म्हणजे बाका!”

आता अर्पितची पंचाईत अशी, की त्याला तो शब्दच ठाऊक नव्हता. हिंदी शाळेत शिकलेला मुलगा, त्यात इतकी वर्षं जपानात. आईचा शब्द त्याने स्वतःच जपानी कानाने ऐकला होता. तो अडखळला, हात हलवले, काहीतरी सांगू लागला. हारुए त्याच्याकडे बघत राहिल्या. जावई आईची चूक झाकतोय हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि ते खरंही नव्हतं. त्या उठल्या, मान लववली आणि पडद्याबाहेर गेल्या.

दोन दिवसांनी निरोप आला. तब्येत बरी नसते. प्रवास लांबचा. लग्नाला येणं जमणार नाही. मुलांना आशीर्वाद आहेत.

“तब्येत!” जानकीबाई म्हणाल्या. “ह्या तब्येतीचं कारण मी ओळखते. आमच्या धारला निम्मी भांडणं तब्येतीच्या नावावर चालतात.”

उदाजीरावांनी तिकडून तोडगा काढला. मिशीला पीळ देतच ते फोनवर बोलत असणार, असं वैभवीला आवाजावरून वाटलं.

“जानके, घाबरायचं कारण नाही. मुलीला बाप नाही, आई येत नाही. मी आणि तुझी वहिनी मुलीला मानलेली लेक करतो आणि कन्यादान करतो. परदेशी सुनांचं सगळे असंच करतात.”

“भाऊ, जिची आई जिवंत आहे, तिला तुम्ही कशाला दत्तक घेताय?”

“मग काय, आई येईपर्यंत मुलगी तशीच बसवणार?”

“आई येईल. मी आणते.”

“तू? कशी? जपानी बोलून?” उदाजीराव मोठ्याने हसले.

जानकीबाईंनी एक श्वास घेतला. “हो,” म्हणाल्या. आणि भावाने फोन ठेवायची वाट बघत बसल्या.

असं जपानी सुरू झालं. अर्पितने आधी विरोध केला. मी समजावतो, म्हणाला. जानकीबाई म्हणाल्या, “तू समजावलंस तेवढं पुरे. तू मधे आहेस म्हणून तर त्यांचा विश्वास बसत नाही. ज्या तोंडाने शब्द गेला, त्याच तोंडाने तो सोडवायला हवा.”

पुस्तक आणायला दोघी इंदोरला खजुरी बाजारात गेल्या. दुकानदाराने एक जाड निळं पुस्तक पुढे सरकवलं. इंग्रजीतून जपानी. कॉलेजातली सगळी मुलं हेच घेतात, म्हणाला. वैभवीलाही तेच पसंत पडलं. व्यवस्थित धडे, कोष्टकं, मागे उत्तरं. दुसरं पुस्तक गुलाबी, हिंदीतून, महिन्याभरात जपानी शिकवण्याची हमी देणारं. जानकीबाईंनी दोन्ही चाळली. मग कोपऱ्यात पडलेल्या एका पातळ पुस्तकाकडे बोट दाखवलं.

“ते काय आहे, भिया?”

“वो रहने दो, मांजी. उसमें सब जापानी ही है. उसकी गाइड आती नहीं, कोई लेता नहीं.”

“दाखव तर.”

आत एकही इंग्रजी शब्द नव्हता. चित्रं आणि जपानी अक्षरं, बस्स. वैभवीने ते परत ठेवलं. जानकीबाईंनी ते पुन्हा उचललं आणि तिन्ही पुस्तकं घेतली.

“काकू, तीन कशाला? एकच नीट करू ना.”

“स्थळं तीन बघावीत, लग्न एकाशीच करावं.”

दुसऱ्या दिवसापासून बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला. गुलाबी पुस्तक पहिल्या बैठकीतच गेलं. पहिल्याच पानावर ‘मेरा सामान कहाँ है’ होतं, दुसऱ्या पानावर ‘पुलिस को बुलाइए’. जानकीबाईंनी ते मिटलं. “हे चोरी झालेल्या माणसासाठी आहे,” म्हणाल्या.

मग निळं. इथे वैभवीचं काम मोठं. ती इंग्रजी वाचायची, मराठीत सांगायची. पहिल्या धड्यात एक परदेशी विद्यार्थी कॉलेजात वाचनालय शोधत होता.

“हा कधी सापडवणार वाचनालय?”

“चौथ्या धड्यात, काकू.”

“तोवर माझ्या विहीणबाई म्हाताऱ्या होतील.”

तरी त्यांनी नेटाने ऐकलं. वैभवी वाचत होती. जपानी वाक्यात क्रियापद सगळ्यांत शेवटी येतं. हे तुम्हाला सुरुवातीला अवघड जाईल. धीर धरा.

“मग कुठे यायला हवं क्रियापद?” जानकीबाईंनी विचारलं.

वैभवीने पान उलटलं. पुढचा परिच्छेद वाचू लागली. शब्दाला चिकटून मागून लहान अक्षरं येतात. ‘नी’ म्हणजे अमुक ठिकाणाला, ‘नो’ म्हणजे अमक्याचं. इंग्रजीत ही आधी येतात, जपानीत नंतर. हे विचित्र वाटू शकेल.

“घराला. घराचं. ह्यात विचित्र काय आहे?”

“काहीच नाही,” वैभवी हळू आवाजात म्हणाली. मग तिने पुढचं वाक्य वाचलं आणि तिचं बोट ओळीवर तसंच राहिलं. “काकू, प्रश्न विचारायचा असला तर वाक्याच्या शेवटी एक अक्षर लावायचं.”

“कोणतं?”

“का.”

“काय ‘का’?”

“तेच अक्षर. ‘का’. ताबेमास म्हणजे खाता. ताबेमास का?”

“खाता का?” जानकीबाई म्हणाल्या.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग जानकीबाई खो-खो हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

“अगं, ही तर आपल्याच घरातली मुलगी! आणि हा इंग्रज तिला बोळवायला निघालाय. ‘धीर धर, धीर धर!’”

वैभवीने भराभर पानं उलटली. आता ती पुस्तक शिकवत नव्हती, तपासत होती. जिथे-जिथे ‘अवघड’ लिहिलं होतं तिथे थांबायची. एक क्रियापद दुसऱ्याला जोडायचं रूप. त्यावर चार पानं, दोन कोष्टकं आणि धीर धरण्याचा सल्ला.

“ताबेते म्हणजे खाऊन. मिते म्हणजे बघ. ताबेते मिते.”

“खाऊन बघ.”

“काकू, इंग्रजीत असं म्हणताच येत नाही! ते म्हणतात, ‘प्रयत्न करा’. पण आपण कुठे प्रयत्न करतो? आपण खाऊन बघतो. तेही खाऊनच बघतात.”

अर्थात सगळंच काही मराठी निघालं नाही. एका जागी दोघी जाम अडकल्या. ‘वा’ नावाचं एक अक्षर वाक्यात कुठेही टपकायचं. ‘ला’ही नाही, ‘ने’ही नाही. जानकीबाई वैतागल्या. तोडगा वैभवीला सापडला. भाजी निवडता निवडता ती एकदम म्हणाली, “काकू, वा म्हणजे ‘तर’. मी तर जाते. चहा तर घेते. आधी कोणाबद्दल बोलतोय ते सांगायचं, मग पुढचं.” जानकीबाईंनी पाच-सहा वाक्यांवर लावून बघितलं. बसत होतं. “एम.ए. कामाला आलं गं बाई,” त्या म्हणाल्या, आणि वैभवीला दिवसभर पुरेल एवढा आनंद झाला.

त्या आठवड्यात जानकीबाईंनी निकाल दिला. निळं पुस्तक नको. पातळ हवं.

वैभवी थक्क. “त्यात तर समजावून सांगणारं कोणीच नाही!”

“म्हणूनच. निळ्या पुस्तकाचा निम्मा भाग समजूत घालण्यात जातो. जे आपल्याला अवघड नाही, त्याची समजूत. मी आधी इंग्रजीत शिरू, तिथे उलटी होऊ, मग जपानीत शिरून परत सुलटी होऊ. कशाला? मधे कोणी नको. चित्र, जपानी आणि मी. अडलं तर तू आहेस.”

पातळ पुस्तक सुरू झालं. अक्षरांचा तक्ता बघून जानकीबाई खूश. का, की, कु, के, को. ना, नी, नु, ने, नो. “ही आपलीच बाराखडी,” म्हणाल्या, “उपासाला बसलेली.” प्रत्येक वाक्याखाली त्या मराठी शब्द लिहायच्या. त्याच क्रमाने. एकही शब्द उचलून दुसरीकडे ठेवावा लागत नव्हता. फोनवरून वैभवी जपानी बायकांचे आवाज ऐकवायची. जानकीबाई डोळे मिटून ऐकायच्या. आवाज ओळखण्यात तर त्यांची उमर गेली होती.

सकाळी दुधाच्या रांगेत त्या पुटपुटायच्या. गल्लीत कुजबुज झाली. धारहून उदाजीरावांचा रोज फोन. “काय जानके, कुठवर आलं जपान?” एकदा त्यांनी जपानी बोलून दाखव म्हटलं. जानकीबाई म्हणाल्या, “भाऊ वा उरुसाइ देस.” म्हणजे भाऊ तर कटकट आहे. उदाजीरावांना वाटलं आशीर्वाद दिला. “छान, छान,” म्हणाले.

पण खरा प्रश्न पुढेच होता. बाकाला जपानीत काय म्हणायचं?

अर्पितने कळवलं, “हान्सामु म्हण. इंग्रजी हँडसमच आहे. त्यांना कळतं.”

“नको,” जानकीबाई म्हणाल्या. “हँडसम नट असतो. बाका म्हणजे नुसता देखणा नाही. बाका म्हणजे उभा राहिला की शोभतो. पाय रोवून. ज्याच्या भरवशावर माणसं बसमधे झोपतात तो.”

वैभवीने ते वहीच्या कडेला लिहून घेतलं. साहित्याच्या दोन वर्षांत तिला कोणी एका शब्दाचा अर्थ असा सांगितला नव्हता.

शब्द पातळ पुस्तकातच मिळाला. मागच्या एका धड्यात एका जुन्या इमारतीचं चित्र होतं. मोठे खांब, मोठं छप्पर. खाली लिहिलं होतं ‘रिप्पा’. वैभवीने कोशात बघितलं. भव्य, रुबाबदार, मान ठेवावा असा.

“इमारतीला ठीक आहे. माणसाला चालतो का?”

नाओला विचारलं. तिचं उत्तर लगेच आलं. चालतो. बाबांना आवडला असता.

“म्हणून दाखवा, काकू.”

“रिपा.”

“नाही, मधे थांबायचं. गप्पांमधला प्पा.”

“रिप्पा. गप्पा. रिप्पा.” जानकीबाई कणीक मळत होत्या. दर प्पाला कणकेवर एक थाप पडत होती.

दिवाळीच्या आधीचा एक रविवार. नाओने आईला काही न सांगता फोनसमोर बसवलं होतं. इकडे जानकीबाईंनी नऊवारी नेसली होती. त्यांच्या भिंतीवरही एका यजमानांचा फोटो आहे. त्याला त्यांनी ताजा हार घातला. वैभवी मागे उभी होती.

पडदा उजळला. हारुए दिसल्या. तशाच ताठ. त्यांनी मान लववली, शिष्टाचारापुरती. अर्पित बोलायला पुढे झाला.

“अर्पित, तू बाहेर जा,” जानकीबाई म्हणाल्या.

“आई…”

“बाहेर. आणि दार ओढून घे.”

तो गेला. जानकीबाई एक श्वास थांबल्या. मग जपानीत बोलू लागल्या. हळू. एकेक शब्द ठेवत, पाट मांडावेत तसे.

“सुमिमासेन, हारुए-सान.” माफ करा.

हारुएंच्या भुवया उंचावल्या.

“वाताशी नो कोतोबा दे…” माझ्या भाषेत. इथे त्या अडल्या. पुढचा शब्द विसरल्या. वैभवीच्या ओठांवर तो आला होता. पण जानकीबाईंनी मागे बघितलं नाही. त्यांनी फोटोकडे बोट केलं, पहिल्या वेळी केलं होतं तसंच. हारुएंचा चेहरा पुन्हा आवळला. वैभवीने डोळे मिटून घेतले.

“बाका वा,” जानकीबाई म्हणाल्या, “रिप्पा देस.”

बाका तर, रुबाबदार.

“गोशुजिन वा, रिप्पा ना काता देस.” तुमचे यजमान तर, रुबाबदार माणूस आहेत.

हारुए काहीतरी बोलल्या. भराभर, खालच्या आवाजात. वैभवीला एक अक्षर कळलं नाही. जानकीबाईंनाही कळलं नव्हतं. वैभवीला वाटलं, संपलं. आता दादाला बोलवावं लागणार. जानकीबाई पुढे वाकल्या.

“मोउ इचिदो. युक्कुरि.” पुन्हा एकदा. सावकाश.

हारुएंनी त्यांच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं. आणि सावकाश विचारलं, लहान मुलाला विचारतात तसं, “बाका वा… रिप्पा देस का?”

शेवटचा तो ‘का’ खोलीत येऊन पडला. देवासच्या गल्लीत रोज ऐकू येतो तसाच.

“हाइ,” जानकीबाई म्हणाल्या, म्हणजे हो. “रिप्पा देस.”

हारुए वळल्या. लाकडी कपाटातल्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्याला म्हणाल्या, “आनाता, बाका देस ने.”

अहो, तुम्ही बाका आहात हं.

आधी त्यांचे खांदे हलले. मग हसू फुटलं, तोंडावर हात दाबूनही आवरेना. हसता हसता रडू आलं. नाओ रडत होती. दाराबाहेरून अर्पितचा आवाज आला, “काय झालं? आई, काय बोललीस?”

हारुएंनी डोळे पुसले आणि एकच शब्द म्हटला. “इकिमास.”

वैभवी अर्थ आठवत होती, इकिमास म्हणजे ‘जाते’. जानकीबाई तोवर उठून उभ्या राहिल्या होत्या.

“येतेय!” त्या ओरडल्या. “येतेय गं वैभवी! धारला फोन लाव! भावाला सांग, दत्तकविधान रद्द!”

मार्गशीर्षात धारला लग्न झालं. नाओचं कन्यादान तिच्या आईने केलं. भटजींनी आधी थोडे आढेवेढे घेतले. विधवा बाई, एकटी, कसं करायचं? उदाजीराव त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. “आई आहे ती मुलीची,” म्हणाले. “सातासमुद्रापलीकडून आली. तुम्ही मंत्र म्हणा.” भटजींनी मंत्र म्हटले. आता ही अक्कल आपलीच असं उदाजीराव सगळ्यांना सांगत फिरतात. जानकीबाई फिरू देतात.

पंगतीत दोन्ही विहिणी शेजारी बसल्या. जानकीबाई आग्रह करत होत्या, “ताबेते मिते, ताबेते मिते.” हारुए प्रत्येक गोष्ट खाऊन बघत होत्या. दाल-बाफले, श्रीखंड, मिरचीचा ठेचा. ठेच्यानंतर त्यांनी पाण्याचा तांब्याच तोंडाला लावला. त्यांना मदत करायला अर्पित दोनदा आला, दोनदा हाकलला गेला.

उदाजीराव वाढपावर लक्ष ठेवत पंगतीतून फिरत होते. डोक्याला फेटा, मिशीला पीळ. हारुएंसमोर आल्यावर त्यांनी हात जोडले. हारुएंनी मान वर करून त्यांना नखशिखांत बघितलं आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “बाका!”

पंगत थबकली. जपानात राहिलेल्या अर्पितचा घास हातातच राहिला. उदाजीरावांनी मात्र छाती पुढे काढली.

“बघितलंस, जानके? विहीणबाईंना माणूस कळतो.”

हारुए महिनाभर राहिल्या. धार झालं, देवास झालं, धरमपुरीला नर्मदा झाली. दोघी कुठेही जायच्या, कोणालाही बरोबर न घेता. काय बोलायच्या देव जाणे. गावात लोक वैभवीला विचारायचे, “त्या दोघी एकमेकींना समजतात का?” वैभवी म्हणायची, “मला तर पता नाही. पण हसणं बरोबर एकाच वेळी येतं.”

जाताना हारुएंनी जपानीत विचारलं, मराठी शिकायचं पुस्तक कोणतं घेऊ? जानकीबाईंनी अर्पितला चौकशी करायला लावली. नाओने तिकडची दुकानं धुंडाळली. जपानी माणसासाठी मराठीचं पहिलं पुस्तक कोणालाच सापडलं नाही.

“नाही तर नाही,” जानकीबाई म्हणाल्या. “आपण करू.”

पहिला धडा त्यांनी आठ दिवसांत लिहिला. चित्रं स्वतः काढली, अक्षरं वैभवीकडून नीट करून घेतली. इंग्रजीचा एक शब्द नाही. नागोयाहून हारुएंनी तो मोठ्याने वाचून पाठवला. सगळं आलं, ‘ळ’ सोडून. केळ्याचं केरं झालं, सगळ्याचं सगरं. जीभ कुठे लावायची हेच त्यांना कळेना. जानकीबाईंनी दुसऱ्या धड्यासाठी एक मोठा कागद घेतला आणि बाजूने दिसणारं माणसाचं तोंड काढायला बसल्या.

तेवढ्यात त्यांचा व्हिसा आला. सून आणि विहीण दोघी वाट बघत होत्या. जानकीबाईंनी बॅग भरली, घराची किल्ली वैभवीच्या हातात दिली आणि नागोयाला निघून गेल्या. तीन महिन्यांसाठी म्हणून गेल्या, आता सहावा चालू आहे.

वैभवी झाडांना पाणी घालायला रोज त्या घरात जाते. टेबलावर तो कागद अजून पसरलेला आहे. उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आहेत. ओठ काढून झाले आहेत. टाळू झाली आहे. दातही एकेक करून, नीट बसवले आहेत. जीभ तेवढी राहिली आहे.